मामाची गस्तीची गाडी

बंदोबस्तावर उभ्या असलेल्या पोलीसबाईला पाणी पिताना तुम्ही कधी पाहिलंय का? घाईनं उत्तर देऊ नका. मिरवणुका आठवा, मोर्चे आठवा, मंत्र्यांचे दौरे आठवा. चौकात बॅरिकेडला टेकून उभी असलेली ती खाकीतली बाई आठवा आणि मग सांगा. हा प्रश्न मला आपणहून कधीच सुचला नसता. तो सुचला माझ्या थोरल्या मामामुळं, आणि गंमत अशी, की मामानंही तो कुणाला तोंडानं विचारला नाही. विचारायची लाज वाटली म्हणून त्यानं एक अख्खी गाडी बांधली.

पोलिसांनी बसावं कसं, या एका विषयावर माझ्या मामानं जेवढा विचार केला आहे, तेवढा साऱ्या हिंदुस्थानात आजवर कुणी केला नसेल. सरकारनं केला नाही, गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी केला नाही, खुद्द पोलिसांनीही केला नाही. अख्खा महाराष्ट्र पोलिसाला मामा म्हणतो. लातुरातले पोलीस मात्र माझ्या मामाला मामा म्हणतात, आणि तेही जरा लांबूनच. कारण हा माणूस एकदा तावडीत सापडला, की आपल्याला गाडीत नेमकं कुठं टोचतं हे सांगितल्याशिवाय सुटका नाही, हे त्यांना माहीत झालेलं आहे. लातूरला औसा रोडवर मामाचा ट्रक-टेम्पोच्या बॉड्या बांधायचा कारखाना आहे. दुधाच्या गाड्या, शाळेच्या गाड्या, कोंबड्यांच्या गाड्या असं सगळं त्यानं बांधलं. त्याचा खरा अभिमान म्हणजे एका गावासाठी बांधलेला वैकुंठरथ. त्याच्या आरामशीरपणाबद्दल आजवर एकाही प्रवाशानं तक्रार केलेली नाही, असं तो छाती पुढं काढून सांगतो.

मामा मूळचा देवणीचा. आमचे आजोबा बैलांच्या बाजारात दलाली करायचे, आणि बैलाची पाठ, पुठ्ठे, खूर बघत बघतच मामा मोठा झाला. ती नजर माणसांवरूनही हटली नाही. घरात नवा जावई आला, की बाकीचे त्याला नोकरी विचारतात, शेती विचारतात. मामा म्हणतो, “जावईबापू, जरा वळा बघू.” मग मान तिरकी करून बघतो आणि आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल देतो, “कंबर नाजूक हाय. ह्येला मऊ शीट लागंल.” गळ्यात कायम मोजपट्टी. लग्नाला गेला तर मांडवातल्या खुर्च्या उलट्या करून बघणार, न्हाव्याकडं गेला तर दाढीपेक्षा खुर्चीवर जास्त बोलणार. एकदा आम्ही एका घरी सांत्वनाला गेलो होतो. सगळे डोळे पुसत बसलेले, आणि मामा सोफ्याखाली हात घालून स्प्रिंगा चाचपत होता. बाहेर आल्यावर आई त्याच्यावर कडाडली, तर म्हणाला, “अगं, मयतीला माणसं चार-चार घंटे बसतेत. त्यांची फिकीर कोण करणार?”

अशा माणसाला पोलिसांच्या गस्तीच्या गाडीचं वेड लागलं. असलं वेड आमच्या खानदानात शोभणारं नव्हतं, कारण आमचं घर पत्रकांचं. नांदेडला माझ्या वडिलांचा छोटा छापखाना आहे आणि त्यांच्या हातून लग्नपत्रिका कमी आणि पत्रकं जास्त निघतात. मी अक्षरं गिरवली ती ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांवर. इतर मुली भातुकली खेळायच्या तेव्हा आम्ही भावंडं पत्रकांच्या घड्या घालायचो. जयंतीची मिरवणूक असो, शिष्यवृत्तीचा मोर्चा असो की गायरानाचं आंदोलन, आमच्याकडून गठ्ठा जाणार हे ठरलेलं. अशा घरात पोलीस म्हणजे काय? तर गठ्ठे उचलून नेतात ते. त्यांच्या गाडीला गादी बसवणारा मामा नात्यात असणं म्हणजे उपोषणाच्या मांडवात भज्यांचा गाडा लावण्यासारखं होतं.

मला त्याची लाज वाटायची, हे इथं स्पष्ट लिहून टाकते. मोर्चातले माझे सोबती खदखदून हसायचे. “तुझ्या मामाची गाडी आली ना, तर आपण पळायचं नाही. रांगेनं बसायचं,” असं म्हणायचे. वडील तर मामाला तोंडावरच बोलायचे. “मेव्हणे, इथं लोकशाहीचा गळा आवळून राहिले अन् तुम्ही आवळणाऱ्याच्या पाठीला उशी देऊन राहिले!” मामा शांतपणे चहा बशीत ओतायचा. “दाजी, तुम्हाला पकडून नेणारच हायत न्हवं? मग नीट नेऊ द्या की. खामखा तुमचीच कंबर धरती.”

नाकाबंदी दिसली की आपण गाडी गल्लीत घालतो. मामा गल्लीतून गाडी काढून नाकाबंदीत घालायचा. शिपायानं हात केला, की हा आनंदानं स्कूटर स्टँडला लावणार.

“कागद?”

“कागद समदे हायत साहेब. आदी ह्ये सांगा, गाडीत बसल्यावर ह्ये बक्कल पोटात रुततं का न्हाई?”

शिपाई आधी इकडं बघायचा, मग तिकडं बघायचा, मग आवाज खाली आणून म्हणायचा, “लई रुततं.”

“कुठं? बोट लावून दावा.”

एकदा एका नव्या फौजदाराला हे पटलं नाही. पोलिसांच्या गाडीच्या खिडकीतून एक म्हातारा मोजपट्टी आत सोडतोय, हे दृश्य त्याला बरं वाटलं नाही, आणि त्यानं मामाला त्याच गाडीत घालून ठाण्यात नेलं. निरोप नांदेडला आला. वडील वकिलांना आणि मला घेऊन निघाले, अहमदपूर येईपर्यंत निषेधाचा मजकूर त्यांनी मनातल्या मनात जुळवलासुद्धा. ठाण्यात पोचलो तर मामा बाकावर बसलेला आणि चेहरा असा फुललेला, की जणू त्याला कुणी सत्काराला बोलावलंय. मला बघून ओरडला, “पोरी, आतून बघायला भेटली गं! मधल्या माणसाला पाय ठिवायला जागाच न्हाई!” समोरचा ठाणे अंमलदार मान हलवत होता, कारण त्याच मधल्या जागेवर त्याची निम्मी नोकरी गेली होती. वडिलांचा मजकूर वाया गेला.

मामानं भंगारातून एक लांब जुनी जीप आणली. पण तिला हात लावण्याआधी त्यानं कारखान्यात विटांवर प्लायवूडची एक नकली गाडी उभी केली आणि आमच्या सगळ्या गणगोताला तिच्यात भरती केलं. मामाकडं पाहुणा गेला, की आधी पाणी आणि मग गाडी. एका हातात काठी, मांडीवर हेल्मेट, पायाशी डबा, खांद्यावर रेनकोट, कमरेला पट्टा, आणि चहा होईस्तोवर उतरायचं नाही. माझी आई भावाकडं चार दिवस राहायला गेली, तर तिला फौजदाराच्या जागी पुढं बसवलं. “दादा, मी माहेराला आले का ड्युटीला?” असं ती आतून विचारत होती आणि मामा बाहेरून तिच्या गुडघ्याचं माप घेत होता. सुरुवातीचे सगळे शोध फसले. टोप्या अडकवायला त्यानं छताला हूक लावले, तर गतिरोधक आला की सगळ्या टोप्या एकदम डोळ्यांवर यायच्या. काठीसाठी केलेला स्प्रिंगचा चिमटा तर भलताच जोरकस निघाला. एका सोयऱ्यानं कौतुकानं तो दाबला आणि काठी सुटून त्यांच्याच चष्म्यावर बसली. ते सोयरे अजून आमच्या घरी येत नाहीत. मामाला त्याचं वाईट वाटलं नाही. “चिमटा चांगला हाय, दिशा चुकली,” एवढंच म्हणाला.

मला मात्र त्या गाडीत खास जागा होती. मागची, उजवीकडची. आरोपीची.

“तू अनुभवी हाईस,” मामा अगदी आदरानं म्हणाला. “बस. अन् मला सांग, त्या दिवशी तुमास्नी मोर्चातून उचललं तवा गाडीत काय काय तकलीफ झाली?”

मी बसले आणि बोलायला लागले. मी कशी बोलते हे मला ठाऊक आहे. दडपशाहीवर बोलले, जमावबंदीवर बोलले, सत्तेला माणसाच्या आवाजाची भीती कशी वाटते त्यावर बोलले. मामानं मोजपट्टी गळ्यात धरून सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा “हाव” म्हणाला.

“त्ये समदं खरं हाय,” तो म्हणाला. “पर गुडघे कुठं लागले?”

गुडघे लागले होते, काळेनिळे झाले होते. पण मी त्यांच्याबद्दल कधी एक ओळही लिहिली नव्हती.

हळूहळू जीप सजत गेली, आणि हे सांगताना माझीच जीभ अडखळते, पण ती सुंदर होत गेली. पाठीमागं पट्टा रुतू नये म्हणून सीटच्या पाठीला खाच. पुढच्या दाराच्या आत काठीची उभी नळी. डब्यासाठी फळी आणि फळीला कठडा. ओला रेनकोट लोंबकळत ठेवायला एक पन्हाळी, तिचं पाणी सरळ रस्त्यावर. मामाचं एकच म्हणणं होतं. “दिवसभर उभं ऱ्हायलेल्या बैलाला बी रातच्याला कोरडी जागा देतेत. ह्येंला काय देतेत?” सगळ्यात मागं, शेवटच्या सीटच्या मागं, एक मोठी पत्र्याची पेटी होती. तिला झाकण होतं, आणि तिच्यावर छताला एक अर्धगोल दांडी. ही कशासाठी, असं कुणी विचारलं की मामा विषय बदलायचा. हूक दाखवायचा, पन्हाळी दाखवायचा, चिमटासुद्धा दाखवायचा.

एकदा दुपारी मी एकटीच कारखान्यात होते. मामानं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडं पाठ केली आणि भिंतीवरच्या पान्यांकडं बघत बोलायला लागला.

“तुमी बाया मोर्चाला जाता.”

“हो.”

“सकाळधरनं संध्याकाळपस्तोर.”

“हो मामा.”

“मंग मधी… म्हणजे पाणी-बिणी… म्हणजे पाण्याचं न्हाई…” पाने सगळे बघून झाले, तेव्हा तो पुन्हा पहिल्या पान्यावर आला. “च्या घेणार का?”

“मामा, काय विचारायचंय?”

“काही न्हाई. च्याच घे.” आणि चहा सांगायला स्वतःच निघून गेला. फोन खिशात असताना.

तेव्हा मी ती पेटी उघडली. आत घडीची बैठक होती, खाली झाकणाचं भांडं होतं, कडेला हात धुवायला तोटी लावलेला एक छोटा कॅन आणि साबणाची वडी. आणि नीट घडी घालून ठेवलेला एक हिरवा पडदा. तो पडदा मी ओळखला. मामीचं इरकल. मामीला जाऊन काही वर्षं झाली आहेत. तिच्या मागं मामानं तिची एकही साडी कुणाला दिली नव्हती, की कुणाला दाखवली नव्हती. मी झाकण लावलं. मामा चहा घेऊन आला, झाकणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघांनीही खाली बघत चहा संपवला. त्या दिवशी त्यानं माझं कुठलंच माप घेतलं नाही.

इथं मला ताईबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे मामाची एकुलती एक लेक, माझी मामेबहीण. पोलीस शिपाई, किनवटकडच्या एका ठाण्यात. ती भरती झाली तेव्हा आमच्या घरी वडील म्हणाले होते, “आली बघा शासनयंत्रणा,” आणि पहिली गरम भाकरी तिच्याच ताटात वाढली होती. आम्हाला सगळ्यांना वाटायचं की लेक पोलिसात गेली म्हणून बापाला पोलिसांचं वेड लागलं. तसं नव्हतं. पावसाळ्यात इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला गर्दी लोटते. धबधबा बघायला सारा मुलूख येतो आणि कड्यावर जाऊन फोटो काढणाऱ्यांना आवरायला पोलीस. त्या बंदोबस्तावरून ताई सुट्टीला लातूरला आली ती तापानं फणफणूनच. डॉक्टरनं तपासलं, औषध लिहून दिलं आणि मामाला बाजूला घेऊन सांगितलं, “ही पाणीच पीत नाही. का पीत नाही ते घरात विचारा.”

घरात कुणाला विचारणार? आमच्याकडं बापलेकीतलं असलं बोलणं आईच्या तोंडून होतं. लेकीला काही दुखलं-खुपलं तर ती आईला सांगते, आई बापाला निम्मं सांगते, बाप निम्म्यावरून उरलेलं ओळखतो आणि न बोलता बाजारातून काय हवं ते आणून देतो. मामी गेली आणि ही वाटच बंद झाली. मामानं धीर करून एकदाच विचारलं होतं, “पाणी का पीत न्हाईस?” ताई म्हणाली, “तहानच लागत नाही, अप्पा.” धबधब्यापाशी दिवसभर उभ्या राहिलेल्या पोरीला तहान लागत नाही. मामानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडं जाऊन जीप बघून आला.

मला हे आईकडून नंतर कळलं, आणि मग ती सगळी गाडी माझ्या डोळ्यांसमोर उलटी झाली. आधी टोपीचे हूक, मग काठीची नळी, मग पन्हाळी, आणि शेवटी उरलेल्या जागेत पेटी, असं आम्ही समजत होतो. मामानं पेटी आधी योजली होती. ती एकटी न्यायची तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणून त्यानं साऱ्या पोलीस खात्याच्या गुडघ्यांची, बक्कलांची, डब्यांची गाऱ्हाणी गोळा केली आणि त्या एका पेटीभोवती अख्खी गाडी उभी केली.

बक्कल रुततं असं सांगणारा एक हवालदार आता मामाचा भक्त झाला होता. त्यानं वर कुठंतरी शब्द टाकला, आणि एक दिवस एक मोठे साहेब खरोखरच कारखान्यात गाडी बघायला आले. मामानं पांढरा शर्ट घातला होता. ताईला मुद्दाम रजा काढून बोलावून घेतलं होतं. ती साध्या सलवार-कमीजमध्ये होती, पण साहेब गाडीतून उतरले तशी तिच्या टाचा आपोआप जुळल्या त्या जुळल्याच. मी तिच्या शेजारी उभी होते. पोलिसांच्या साहेबाच्या स्वागताला उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ, आणि हात कुठं ठेवावेत हे मला कळत नव्हतं.

मामा त्या दिवशी बोलला, तसा तो आयुष्यात बोलला नसेल. साहेबांना पुढं बसवलं, त्यांचा पट्टा खाचेत बसवला, विचारलं, “आता रुततं का?” साहेब हसले, “नाही हो.” मग नळी, फळी, पन्हाळी. सोबतच्या इन्स्पेक्टरनं चिमट्याला हात घातला तेव्हा हवालदारानं झडप घालून त्याला वाचवलं. साहेब माणूस चांगले होते, खोटं का बोलू. प्रत्येक वस्तू हातानं हलवून बघत होते. “मामा, तुम्ही आमच्यात नोकरी केलीय का?” असंही म्हणाले. मामा लाजला. मग साहेब मागं गेले आणि त्यांनी पेटीवर बोटानं टकटक केलं.

“आणि ही पेटी कसली?”

मामाचा हात गळ्यातल्या मोजपट्टीकडं गेला. त्यानं ताईकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, साहेबांच्या मागं उभ्या असलेल्या खाकीतल्या माणसांकडं बघितलं. सगळे पुरुष.

“स्टेपनी,” मामा म्हणाला.

“स्टेपनी तर खाली बघितली आपण.”

“ही दुसरी, साहेब.”

“दोन-दोन स्टेपन्या?” इन्स्पेक्टर हसला. “लातूरचे रस्ते बघता बरोबरच आहे म्हणा!”

सगळे हसले. मी ताईकडं बघितलं. ती ताठ उभी होती, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. तिला कळलं होतं. छताला लावलेल्या अर्धगोल दांडीवरून कळलं, की झाकणाच्या फटीतून दिसणाऱ्या इरकलीच्या काठावरून, कोण जाणे. मला वाटतं साहेबांनाही थोडंसं कळलं, कारण त्यांचं बोट पेटीवरून झटकन उठलं. तिथं असलेल्या प्रत्येकाला त्या क्षणी लाज वाटत होती आणि प्रत्येकजण ती हसण्यात लपवत होता. मी तोंड उघडलं, तशी ताईनं माझं मनगट धरलं. घट्ट. माझ्या हाती माईक दिला तर मी दोन जिल्ह्यांना ऐकू जाईल असं बोलू शकते. पण तिच्या शरीराबद्दल, तिच्या साहेबांसमोर, तिच्या बापाच्या देखत काय बोलायचं हे ठरवणारी मी कोण? मी तोंड मिटलं.

“ही पेटी काढा,” साहेब निघताना म्हणाले. “तिथं ढाली ठेवायला जागा करा. मग मी वर पाठवतो. गाडी छान आहे.”

“हाव साहेब,” मामा म्हणाला.

धुरळा खाली बसला. हवालदारही गेला. मामा जीपकडं पाठ करून, पान्यांच्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. ताई मागच्या दारानं जीपमध्ये चढली. झाकण उघडल्याचा आवाज आला. मग दांडीवरून कड्या सरकल्या आणि हिरवं इरकल बंद झालं.

“अप्पा,” मग पडद्याआडून ताई म्हणाली.

“हं,” मामा भिंतीला म्हणाला.

“पडदा वीतभर खाली पाहिजे. खालून बूट दिसतेत.”

मामानं मान हलवली. तिला ती दिसणार नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

“अन् आतून कडी पाहिजे. दाराला.”

“कोणत्या बाजूला?”

“उजव्या.”

“अन्…” मामानं भिंतीवरचा एक पाना सरळ केला. “हँडल हाय ना, धरून उठायला? बुटासकट उठायचं म्हणजे…”

“हाय. पण वर हाय जरा. चार बोटं खाली घ्या.”

“बरं.”

आमच्या खानदानात बापलेकीचं इतकं मोठं बोलणं मी ऐकलेलं नाही. ताई पडद्याबाहेर आली तेव्हा मामानं वळून बघितलं नाही. त्यानं नुसता हात मागं केला आणि मोजपट्टी पुढं धरली. ताईनं ती घेतली आणि पडद्याची मापं स्वतः घेतली.

पेटी निघाली नाही. साहेबांचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मामा हात जोडून म्हणाला, “बाकी काय बी काढा, स्टेपनीबिगर मी गाडी देत न्हाई.” खरं नाव त्याला तेव्हाही घेता आलं नाही. त्यामुळं सरकारी कागदावर माझा मामा म्हणजे दुसऱ्या स्टेपनीपायी हट्ट करून हातची संधी घालवणारा एक चक्रम म्हातारा असणार. गाडी कारखान्यातच राहिली. मग त्यानं नवाच उद्योग सुरू केला. कुठं जत्रा आहे, कुठं सभा आहे, कुठं मिरवणूक आहे याची तो माझ्या वडिलांकडं चौकशी करायला लागला. अशा बातम्या आमच्या छापखान्यात सगळ्यांच्या आधी येतात. त्या दिवशी सकाळी जीप घेऊन निघायचा, बंदोबस्ताच्या कडेला सावली बघून ती लावायचा, आणि स्वतः रस्त्याच्या पलीकडं जाऊन गाडीकडं पाठ करून बसायचा. सांगायचं कुणालाच नाही. ताईनं तिच्या मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी त्यांच्या मैत्रिणींना, आणि तेवढं पुरलं.

नांदेडच्या आमच्या मोर्चातही तो आला होता. मी टेम्पोवर उभी राहून बोलत होते. समोर पोलिसांची रांग, आणि तिच्या टोकाला चार बायका. मी ऐन घोषणेत असताना त्यांतली एक हळूच मागं सरली, कोपऱ्यावरच्या जीपकडं गेली आणि थोड्या वेळानं परत आली. मग दुसरी गेली. पलीकडं चहाच्या टपरीसमोर मामा पाठमोरा बसला होता आणि टपरीवाल्याला त्याच्या बाकड्याची उंची कशी चुकली आहे हे समजावून सांगत होता. मी घोषणा अर्ध्यातच विसरले. मागून कुणीतरी ती पुरी केली. हातातल्या आमच्या पत्रकावर मोर्चाचा मार्ग होता, मागण्या होत्या, मोर्चेकऱ्यांच्या पाण्याची आणि बायकांची सोय कुठं केली आहे तेही होतं. आमच्यामुळं दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या त्या चौघींसाठी एक ओळ नव्हती. इतक्या वर्षांत कधीच नव्हती. ज्या मामाची मला लाज वाटायची, तो पाठ फिरवून बसला होता, आणि त्याच्या पाठीकडं बघायलासुद्धा मला संकोच वाटत होता. आता ती ओळ आमच्या पत्रकात असते. वडिलांनी स्वतः जुळवली, ठळक टायपात.

पण मामाच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरलाय. ताईनं गाडीची किल्ली काढून घेतली आहे. औसा रोडवरच्या कारखान्यात तो त्या जीपमध्ये जाऊन बसतो, पन्हाळीवरून हात फिरवतो, टोप्यांचे हूक झुलवून बघतो. परवा गेले तर म्हणाला, “दोन जिल्ह्याला एक गाडी किती पुरणार गं? अन् ती बी हुबीच.” मग म्हणाला, “घरं तर लई हायत की रस्त्याच्या कडेला.”

आजवर मी लिहिलेल्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मागण्या असतात आणि त्या सरकारकडं असतात. ही एकच मागणी तुमच्याकडं आहे. पुढच्या वेळी तुमच्या दारावरून मिरवणूक जाईल, मोर्चा जाईल, कदाचित माझाच असेल, तेव्हा कोपऱ्यावर उभ्या असलेल्या खाकीतल्या बाईकडं जा. ती मागेल याची वाट बघू नका, ती मागणार नाही. हवंय का, असंही विचारू नका, ती नको म्हणेल. नुसतं म्हणा, “ताई, घरात या, दार उघडं आहे.” आतली कडी नीट लागते की नाही, तेवढं आधी बघून ठेवा. मग माझ्या मामासारखी पाठ फिरवून जरा लांब उभे राहा. आणि ती बाहेर आली, की तिच्या हातात पाण्याचा तांब्या द्या.